नंदाचे ढगळ ब्लाउज

दिल्लीहून आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलंत? लाल किल्ला पाहिला का, कुतुबमिनार पाहिला का, संसद निदान लांबून तरी दिसली का? हे सगळं पाहायचं म्हणूनच मी गेले होते. पण खरं सांगायचं तर दिल्लीत मी सगळ्यात जास्त वेळ पाहिली ती माझ्या मावसबहिणीची कंबर.

नंदा आणि मी एका वयाच्या. शाळा एक, बाक एक, लग्नंही एकाच मोसमात झाली. तिला केंद्र सरकारातला नोकरदार मिळाला आणि ती दिल्लीला गेली. मला कराडातलेच वकील मिळाले, मी कराडातच राहिले आणि हायस्कुलात भूगोल शिकवला. दिल्ली नकाशात कुठे आहे हे पिढ्यान् पिढ्या पोरांना मी दाखवलं, आणि राहायला गेली नंदा. मावश्या, आत्या, शेजारणी सगळ्यांनी आम्हाला जन्मभर एकमेकींशेजारी उभं करून मापलं. नंदा उंच, नंदा गोरी, नंदाचं हस्ताक्षर मोत्यासारखं. पन्नाशीच्या आसपास आम्हा दोघींना मधुमेहही पाठोपाठ निघाला. तेव्हा मला वाटलं होतं, चला, इथे तरी बरोबरी झाली.

निजामुद्दीन

गाडी धुक्यामुळे उशिरा पोचली. जानेवारी चालू होता. फलाटावर सगळे कानटोप्यांत, मफलरांत, आणि प्रत्येक जण खोकत होता. मी नंदाला शोधत होते, म्हणजे माझ्याच घेराची एक बाई शोधत होते. तेवढ्यात एक सडपातळ बाई माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "कुमे, अगं इकडे."

मी तिच्याकडे बघतच राहिले. दोन वर्षांपूर्वी भाचीच्या लग्नात आम्ही दोघी एका खुर्चीत मावत नव्हतो. आता हिच्या गळ्याची हाडं दिसत होती, गाल आत गेले होते, आणि हिरव्या स्वेटरमध्ये ती कॉलेजातल्या मुलीसारखी दिसत होती. माझ्या तोंडून निघालं, "काय गं ही तब्येत?"

"उतरवलं वजन," ती हसत म्हणाली. "सांगते सगळं. चल आधी, तुझे भाऊजी गाडीत बसलेत."

भाऊजी म्हणजे तिचे यजमान, सुधाकरराव. त्यांची निवृत्ती वर्षावर आली आहे. गाडीत बसल्याबरोबर त्यांनी अभिमानाने सांगितलं, "कुमुदताई, दिवाळीआधीच्या हिच्या ब्लाउजांत आता आणखी एक बाई मावेल." मी सीटबेल्ट लावायला गेले, तो पोटावरून पुढे येईना. नंदाने मागे वळून तो ओढून दिला. दिल्लीतला माझा पहिला प्रसंग हा.

आर. के. पुरम

सरकारी क्वार्टर म्हटल्यावर मला दोन अंधाऱ्या खोल्या वाटल्या होत्या. पण समोर बाग, कडुनिंबाची झाडं, खाली ऊन खात बसलेल्या बायका. एक ओडिशाची, एक केरळची, एक बिहारची, आणि सगळ्यांचे नवरे कुठल्या ना कुठल्या मंत्रालयात. कराडात हिवाळ्यातलं ऊन अंगावर आपोआप पडतं. इथे बायका चटई घेऊन उन्हाच्या मागे सरकतात, मटार सोलता सोलता इमारतीच्या एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत जातात. मला ही पद्धत फार आवडली.

घरात मात्र दारं-खिडक्या घट्ट बंद. भाऊजींनी हवा शुद्ध करायचं मशीन आणलं होतं आणि त्याच्या घूं घूं आवाजात आम्ही कोंडून बसायचो. बाहेरची हवा विषारी, असं सगळेच म्हणत होते. नंदा मधून मधून खोकायची. मी विचारलं तर भाऊजी म्हणाले, "दिल्लीत जो खोकत नाही तो दिल्लीचा नाही." त्यांची मुलगी ऋचा गुरुग्रामला नोकरी करते, जन्मापासून दिल्लीत वाढलेली. ती म्हणाली, "मावशी, आई बिल्कुल फिट झालीय यार. माझ्या ऑफिसातल्या मुली तिचा डाएट मागतात."

तो डाएट म्हणजे सकाळी मेथीचं पाणी, भात बंद, साखर बंद. मी विचारलं, साखर तपासतेस का? ती म्हणाली, आता गरजच काय? वजन उतरलं म्हणजे साखरही उतरली असणार. गोळ्याही तिने आपल्या मनाने कमी केल्या होत्या. मी पहाटे उठून कराडच्या प्रीतिसंगमापर्यंत चालते, भात मोजून खाते, आणि माझा काटा जागचा हलत नाही. हिने नुसतं मेथीचं पाणी प्यायलं आणि हिची कंबर निघाली. हे काही मला पचेना.

संध्याकाळ झाली की नंदा रजईत शिरायची. रात्री आम्ही दोघी एकाच पलंगावर, एकाच रजईत झोपायचो. सकाळी उठले की नंदाचा गाऊन मानेपासून पाठीपर्यंत ओला असायचा. जानेवारीतली दिल्ली, माझे पाय मोज्यांतसुद्धा गारठलेले, आणि हिला घाम. ती म्हणाली, "चरबी वितळते ना, ती अशी बाहेर पडते. ग्रुपवर आलं होतं." मी आयुष्यभर शिक्षिका म्हणून काम केलेली बाई, पण मला ते खरं वाटलं. उलट मी दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःची पाठ हात लावून पाहिली. ठणठणीत कोरडी होती. फार राग आला.

त्याच आठवड्यात तिथल्या मराठी मंडळाचं हळदीकुंकू होतं. आपल्याकडे हळदीकुंकू घराघरांतून होतं, संध्याकाळभर चपला घालत-काढत फिरायचं. तिथे सगळ्या लांबलांबून येणार, म्हणून एकच हॉल, माइक, आणि प्रत्येकीने घरून एक पदार्थ आणायचा. त्यात मध्येच निवेदिका म्हणाली, आता आपल्या नंदाताई सांगतील, त्यांनी साखरेवर मात कशी केली. नंदा उठली. मोरपिशी ब्लाउजवर पिवळी पैठणी. त्या ब्लाउजवर माझा डोळा तो शिवला तेव्हापासूनचा. ती बोलत होती आणि बायका मोबाइलमध्ये टिपून घेत होत्या. मी मागच्या रांगेत बिनसाखरेचा तिळगूळ चघळत बसले होते. त्याला चव नव्हती आणि माझ्या तोंडालाही नव्हती.

बोलता बोलता तिला खोकल्याची उबळ आली. बराच वेळ थांबेना. कुणी पाणी आणलं, कुणी पाठीवरून हात फिरवला. एक बाई म्हणाल्या, "हे प्रदूषण जीव घेणार एक दिवस." नंदाने रुमाल तोंडाला लावला, पुन्हा हसली, आणि टाळ्या झाल्या.

सरोजिनी नगर

इथला बाजार म्हणजे कपड्यांचा पूर. स्वेटर ढिगाने, जीन्स ढिगाने, आणि दुकानदार ओरडून ओरडून भाव सांगणार. माझं हिंदी कराडी. मी "कितना कम करते?" विचारलं की दुकानदार हसायचा आणि तेवढ्याच भावाला द्यायचा. नंदा मात्र फर्ड्या हिंदीत "भैया, रोज़ का आना है हमारा" म्हणत निम्म्याला आणायची.

तिला शिंप्याकडे जायचं होतं. गल्लीच्या तोंडाशी मशीन टाकून बसलेला म्हातारा मास्टर. नंदाने पिशवीतून ब्लाउज काढले, बारीक करायचे म्हणून. त्याने एक उलटा करून पाहिला आणि म्हणाला, "मैडम, ये तो दिवाली के बाद भी छोटा किया था. और कितनी दुबली होंगी?" नंदा खूश झाली. माझ्या अंगाचा मात्र तिळपापड झाला. लोकांचे शिंपीसुद्धा त्यांचं कौतुक करतात.

घरी आल्यावर तिने कपाट उघडलं आणि जे ब्लाउज उसवून बारीक होण्यासारखे नव्हते त्यांचा गठ्ठा माझ्यापुढे ठेवला. वर तोच मोरपिशी. हळदीकुंकवाला तिने तो बाजूने पिना लावून घातला होता.

"घे. मला ढगळ होतात. तुला अगदी बरोबर बसतील."

ऋचाने विचारलं, "ढगळ मतलब?"

"लूज," नंदा म्हणाली.

मी हसले. माणसं अपमान गिळताना हसतात तशी हसले. न्हाणीघरात जाऊन मोरपिशी अंगात घालून पाहिला तर खरंच बरोबर बसला, हुकालासुद्धा ओढ नाही. तो काढून घडी घालताना मी ठरवलं की हिची साखर मी तपासणार. माझ्या पर्समध्ये साखर मोजायचं यंत्र असतंच. चारचौघांत आकडा दिसू दे. मेथीचं पाणी म्हणे.

पानिपत

घरी येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याला भाऊजी पानिपतला नेतात. रविवारी सकाळी ऋचाने गाडी काढली. वाटेत मुरथळला ढाब्यावर थांबलो. परातीएवढे पराठे, वर लोण्याचा गोळा. मी अर्धा पराठा दह्याशी खाल्ला आणि उरलेल्याकडे पाहत बसले. नंदाने दोन संपवले, वर लस्सी. "आज चीट डे," ती म्हणाली. लस्सी झाल्यावर पाणी, पुन्हा पाणी, मग बाथरूम. गाडी सुरू झाल्यावर अर्ध्या वाटेत पुन्हा पाण्याची बाटली. मी सगळं पाहत होते. दुसऱ्याच्या ताटाकडे इतकं लक्ष देऊ नये असं आमची आई म्हणायची, पण मला तिच्या ताटाशिवाय दुसरं काही दिसतच नव्हतं.

लढाईच्या स्मारकाला, काला आंबला पोचलो. मोठी राखलेली बाग, मध्ये काळा स्तंभ. आपल्याकडे कुणाचं पार वाटोळं झालं की त्याचं पानिपत झालं म्हणतात. तो शब्द मी हजारदा वापरला असेन, पण त्या जागेवर उभं राहून तो सहज उच्चारवेना. भाऊजी नेहमीच्या पाठ केलेल्या आवाजात सांगत होते, सैन्य कुठे होतं, यमुना कुठून वाहायची, माणसं किती दिवसांची उपाशी लढली. शेजारी हरियाणवी कुटुंब संत्री सोलत बसलं होतं.

फाटकापासून स्तंभापर्यंतचं अंतर माझ्यासारख्या जाडीलाही जड नाही. नंदा मध्येच बाकावर बसली. ओठ कोरडे, श्वास वर-खाली. मी तिच्याशेजारी बसले आणि पर्स उघडली.

"बोट दे."

"कशाला?"

"साखर बघू. साखरेवर मात केलीस ना?"

तिला माझा आवाज कळला. लहानपणापासून ओळखते ती मला. ऋचा म्हणाली, "करून टाक ना आई, हो जाएगा." नंदाने तोऱ्यात बोट पुढे केलं. मी सुई टोचली, थेंब पट्टीला लावला आणि यंत्र सगळ्यांना दिसेल असं धरलं.

यंत्राने आकडा दाखवलाच नाही. साखर त्याच्या मापाच्या वर गेली की ते फक्त तशी खूण दाखवतं. इतक्या वर्षांत माझ्या बोटाला ती कधी दिसली नव्हती.

पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, छातीत गार वाटलं. मग वाटलं, बोटाला लस्सी असेल. बाटलीतल्या पाण्याने तिचे हात धुतले, पदराने पुसले, दुसरं बोट टोचलं. पुन्हा तेच. भाऊजींचं युद्ध मध्येच थांबलं. माझ्या हातात तिचा हात होता आणि तो गरम होता. थंडीतल्या उन्हाने होतो तसा नव्हे, तापाने होतो तसा.

तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे ते सगळं ओळीने आलं. ओला गाऊन, खोकला, संध्याकाळ झाली की रजईत शिरणं, तहान, शिंप्याचा प्रश्न. आठवडाभर मी तिच्यावर पाळत ठेवली होती, काहीही सुटलं नव्हतं. फक्त सगळ्याचा अर्थ मी चरबी वितळणं असा लावला होता.

पुन्हा आर. के. पुरम

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात तरुण डॉक्टरीण होती. तिने आधी साखर पाहिली, मग विचारलं, "खांसी कब से है?"

भाऊजी म्हणाले, "दिल्ली में तो सबको..."

"सबका नहीं पूछा. इनका कब से है?"

दिवाळीपासून, नंदा म्हणाली. थुंकी तपासायला गेली, एक्स-रे झाला. फुप्फुसाचा क्षय निघाला. डॉक्टरने एक्स-रे उजेडावर धरला आणि फुप्फुसाच्या खालच्या भागातला धुरकट डाग दाखवला. म्हणाली, मधुमेहींमध्ये तो कधी कधी असा खाली दिसतो, त्यामुळे फसायला होतं. तिने सांगितलेलं मी जसं समजले तसं लिहिते. साखर फार दिवस चढी राहिली की अंगाची राखण ढिली पडते आणि क्षयाला आत शिरणं सोपं जातं. क्षय आत शिरला की साखर आणखी चढते, आणि चढलेली साखर औषधाला हळू काम करू देते. एकाला मोकळं सोडून दुसऱ्यावर इलाज होत नाही. क्षयाच्या एका औषधाने साखरेच्या काही गोळ्यांचा जोर कमी होतो, म्हणून नंदाला इन्सुलिन सुरू केलं. आणि ती म्हणाली, मधुमेह्याचं वजन आपोआप उतरायला लागलं तर हार घालू नका, तपासायला आणा.

क्षयाच्या गोळ्या सरकारी केंद्रातून फुकट मिळाल्या. खिडक्या उघडा, असं सांगितलं. इतके दिवस मशीन लावून कोंडलेली ती हवा जंतूंच्या सोयीचीच होती. मग त्या थंडीत आम्ही सगळी घरातल्या घरात शाली पांघरून, मास्क लावून बसलो आणि बाहेरचं धुकं आत आलं.

माझी झोपायची सोय दुसऱ्या खोलीत झाली. नंदा दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मी उकडलेली अंडी घेऊन गेले तेव्हा खिडकीकडे तोंड करून म्हणाली, "तुला बरं वाटलं ना? खरं सांग."

"हो," मी म्हटलं. "क्षणभर वाटलं."

"तुझ्या डोळ्यांत खुपत होतं माझं बारीक होणं."

"खुपत होतं म्हणून तर दिसलं. भाऊजींना नाही दिसलं, ऋचाला नाही दिसलं. टाळ्या वाजवणाऱ्या बायकांना नाही दिसलं."

ती रडली. मीही रडले. मग म्हणाली, "अंडं दे."

तिचं खाणं हाही एक घोळ होता. शेजारच्या केरळच्या बाई सांगायच्या, क्षयात दाबून खायला घाला. बिहारच्या बाई सांगायच्या, मधुमेहात तोंड आवरा. दोघींचं ऐकलं तर माणूस तोंड अर्धं उघडून बसेल. डॉक्टरने वाट काढून दिली: अंडी, डाळी, पनीर, भाज्या भरपूर, गोड नाही, आणि भात-पोळी पूर्ण बंदही नाही. पहिल्या गोळ्यांनंतर लघवी संत्र्याच्या रंगाची झाली तेव्हा नंदाने आतून किंकाळी फोडली. त्या औषधाने होतं तसं, हे तिला आधी सांगितलं होतं, पण ती ते विसरली होती.

मंडळाच्या बायकांचे फोन येत होते, मेथीचं प्रमाण विचारायला. नंदा मला हाताने खुणावायची, सांगू नको. क्षय हा शब्द मंडळात पोचता कामा नये, ऋचाचं लग्न व्हायचंय. मी एकीला सांगितलं, नंदा झोपलीय. दुसरीला तेच. तिसरी मधुमेहाचीच होती आणि म्हणाली, माझंही वजन उतरायला लागलंय, मेथीचा गुण दिसतोय. फोन स्पीकरवर होता. मी नंदाकडे पाहिलं. नंदाने माझ्या हातातून फोन घेतला आणि मास्कमधून म्हणाली, "शालिनी, मेथी राहू दे. तुला खोकला आहे का?" मग तिला सगळं सांगितलं, क्षय या शब्दासकट.

मी तिच्या रजईत झोपले होते आणि वर मधुमेही, म्हणून माझाही एक्स-रे काढला. तो स्वच्छ निघाला. तो घेऊन मी खोलीत गेले तेव्हा नंदाने माझ्याकडे डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. ती नजर मी ओळखली. जन्मभर ती माझी होती.

"तुझं पोट बघितलं की जीव जळतो," ती म्हणाली. "कसं भरलेलं दिसतं."

मला कुणी आजवर असं म्हटलं नव्हतं. मी दारात जरा जास्त वेळ उभी राहिले.

कराड

मी परत आले. बॅगेत पानिपतच्या दोन चादरी आणि नंदाच्या ब्लाउजांचा गठ्ठा. कुतुबमिनार राहूनच गेला.

दोन महिन्यांनी तिची थुंकी पुन्हा तपासली, तर जंतू अजून होते. साखर चढी असली की असं रेंगाळतं, डॉक्टरने आधीच सांगितलं होतं, तरी भाऊजींचा फोनवरचा आवाज ऐकून मी देवापुढे जाऊन बसले. मी काही नेमाने देवापुढे बसणारी नव्हे. पुढच्या खेपेला थुंकी स्वच्छ आली. गोळ्या अजून चालू आहेत, इन्सुलिनही चालू आहे, साखर आता आवाक्यात आहे. तिचं वजन किलोने वाढलं की केंद्रातल्या बाई तिला शाबासकी देतात. माझं वाढलं की आमचे डॉक्टर चष्म्यावरून बघतात. हेही मला सहन होत नाही.

गेल्या आठवड्यात तिचा फोन आला.

"कुमे, त्या मास्टरने बारीक केलेले सगळे घट्ट व्हायला लागले. दंडावर चढत नाहीत."

"मग?"

"मग काय. माझे ते ढगळवाले परत पाठव."

"दिलेलं परत मागतात का?"

"मी मागते. मोरपिशीसकट."

मी तो कपाटातून काढला. एकदा शेवटचा घालून आरशापुढे उभी राहिले. अजूनही बरोबर बसत होता, हुकाला ओढ नाही. ठेवून घ्यावा, हरवला म्हणून सांगावं, असं मनात दोनदा आलं. मग सगळ्यांना इस्त्री केली, मोरपिशी मधोमध ठेवला आणि जुन्या साडीत गठ्ठा बांधला.

पोस्टातल्या बाईंनी पार्सल काट्यावर ठेवलं आणि आत काय आहे असं विचारलं.

"माझ्या बहिणीचे कपडे," मी म्हटलं. "तिला आता पुन्हा होतायत."